मनसरच्या काळ्या टेकड्यांमधला नारिंगी गार्नेट : स्पेसर्टीन आणि गोंडाइट

मनसरवाला

नमस्कार मंडळी. गार्नेट म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक, सराफाकडचे डाळिंबी खडे. दुसरी, राहूसाठी अंगठीत घालतात तो गोमेद. मला लिहायचंय ते तिसऱ्याच गार्नेटबद्दल. तो आपल्या नागपूर-भंडारा पट्ट्यात थरच्या थर भरून आहे आणि जवळपास कुणी त्याच्याकडे वळून बघत नाही. त्याचं नाव स्पेसर्टीन.

मी मनसरला वाढलो. नागपूर-जबलपूर रस्त्यावर रामटेकचा फाटा लागतो ते गाव. मँगनीजची खाण गावाला चिकटूनच. लहानपणी रस्त्याकडेचे काळे दगड उचलले की हात कोळशासारखे काळे व्हायचे आणि घरी गेल्यावर बोलणी बसायची. ते काळं म्हणजे मँगनीजचं ऑक्साइड, हे पुढे कॉलेजात कळलं. पण त्याच काळ्या दगडांत काही असे असायचे की फोडले तर आतून काळे निघतच नसत. आत पांढुरकी गारगोटी, आणि तिच्यात मोहरीएवढे मधाच्या रंगाचे दाणे खच्चून भरलेले. काही दाणे नारिंगीकडे झुकणारे, काही पार तपकिरी. असा एक मुठीएवढा दगड आज माझ्या टेबलावर आहे. या खडकाला गोंडाइट म्हणतात आणि ते दाणे स्पेसर्टीनचे.

आता त्या दाण्यांबद्दल. गार्नेट हे एका खनिजाचं नाव नाही, ते अख्ख्या घराण्याचं आडनाव आहे. सगळ्यांची चौकट एकच, फक्त चौकटीत बसणारे धातू वेगळे. लोखंड आणि ॲल्युमिनियम बसलं की अल्मंडाइन, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम बसलं की पायरोप, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम असेल तर ग्रॉस्युलर. लोखंडाच्या जागी मँगनीज आलं की झाला आपला स्पेसर्टीन: तीन मँगनीज, दोन ॲल्युमिनियम आणि तीन सिलिकेट (सिलिकॉन-ऑक्सिजनचे गट). निसर्गात अगदी शुद्ध नमुना क्वचितच मिळतो. थोडं लोखंड, थोडं कॅल्शियम शिरलेलं असतंच, आणि दाण्यांच्या रंगातला फरक बराचसा त्यामुळेच पडतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बघा. दाणे नुसते गोल नसतात, त्यांना पैलू असतात. बारा शंकरपाळ्या एकमेकींना कडेने चिकटवून चेंडू केला तर जसा दिसेल तसा आकार. काहींना चोवीस पैलू असतात. स्फटिकरचना घनीय असल्यामुळे दाणा सगळीकडून सारखाच वाढतो, सुईसारखा लांब होत नाही की अभ्रकासारखा पापुद्र्यांचा होत नाही. अभ्रक किंवा कॅल्साइट ठरलेल्या पातळीवर फुटतं, गार्नेटला अशी पातळीच नसते. हातोडी मारली तर तो काचेसारखा वेडावाकडा फुटतो. कठीणपणा मोहस मापावर ६.५ ते ७.५, म्हणजे चाकूचं पातं त्याला ओरखडत नाही. खडबडीत चिनीमातीवर घासला तर रेघ पांढरी येते. काळ्या मँगनीजची रेघ काळी येते, त्यामुळे दोघांत गल्लत होत नाही.

आणि वजन! शुद्ध स्पेसर्टीनची घनता ४.१९, गारगोटीची २.६५. टेबलावरचा हा दगड ज्याच्या हातात देतो तो आधी दचकतो, मग परत एकदा तोलून बघतो.

‘गोंडाइट’ हे नाव लुईस ली फर्मर याने दिलं. १८८० साली लंडनमध्ये जन्मलेला हा माणूस १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाला. मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या खाणी त्याने एकेक करून पालथ्या घातल्या आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर एक अवाढव्य ग्रंथ छापला. त्यात स्पेसर्टीन आणि गारगोटीच्या या खडकाला त्याने इथल्या गोंड लोकांवरून नाव दिलं. आज जगात कुठेही असा खडक सापडला तरी तो गोंडाइटच.

त्याचा मुख्य तर्क मला फार आवडतो. फार पूर्वी इथे पाण्याखाली गाळ साचत होता. काही ठिकाणी जवळजवळ निव्वळ मँगनीज ऑक्साइड साचलं, काही ठिकाणी त्यात चिकणमाती आणि वाळू मिसळली. पुढे हे सगळं जमिनीत खोल गाडलं गेलं, दाबलं गेलं, तापलं. निव्वळ मँगनीज होतं त्याचा ब्राउनाइटसारखा कठीण धातुपाषाण झाला. मातीतून ॲल्युमिनियम आणि वाळूतून सिलिका जिथे मिळाली, तिथे मँगनीज त्यांच्याशी जोडलं गेलं आणि स्पेसर्टीन तयार झाला. म्हणजे खनिज आणि ‘टाकाऊ’ दगड ही एकाच गाळाची दोन लेकरं. गोंडाइटचा थर धातुपाषाणाच्या थराला चिकटून का सापडतो, ते यावरून कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा दगड आपण ओळखायला शिकलं पाहिजे. आपल्या मातीत जन्मलेलं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे आणि रामटेकच्या शाळेतल्या पोरांना ते ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे नमुने असतील, आठवणी असतील, तर लिहा.

कोकणमेवा

फार छान धागा काका. एक भाबडा प्रश्न. मी सह्याद्रीत भरपूर फिरतो. तिथे कातळात पांढरे, हिरवट स्फटिक खूप दिसतात, पण लाल-नारिंगी दाणे कधी दिसले नाहीत. आमच्याकडे गार्नेट नाहीच का? रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू मात्र आहे.

भूस्तर

कोकणमेवा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर येऊन थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांमध्ये नंतर गरम पाण्यातून झिओलाइट आणि त्यांच्या सोबतची खनिजं वाढली, तीच तुम्हाला दिसतात. गार्नेट तयार व्हायला बहुतेक वेळा खडक पुन्हा खोल जाऊन दाबाखाली भाजला जावा लागतो. आपल्या बेसाल्टवर ती वेळ आलेलीच नाही. रत्नागिरीची काळी वाळू मुख्यतः इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड.

विदर्भाच्या पूर्व भागात लाव्ह्याची चादर संपते आणि खालचे म्हातारे खडक उघडे पडतात. मनसरवाला ज्याबद्दल लिहितायत तो सौसर गट. मध्य प्रदेशातल्या, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून हे नाव पडलं. डेक्कन ट्रॅप याच्यापुढे अगदी कालचं पोर. गटाच्या ज्या उपविभागात मँगनीज आहे त्याचं नाव ‘मनसर फॉर्मेशन’, तेव्हा गाव म्हणूनही मनसरवाल्यांचा हक्क पोचतो.

नीलांबरी

मी पुण्यात रत्नपरीक्षणाचं काम करते. माझ्याकडे ‘हा गोमेद खरा आहे का’ विचारायला लोक येतात आणि त्यात अधूनमधून स्पेसर्टीन निघतो, म्हणून लिहायला बसले.

गोमेद म्हणजे हेसोनाइट, ग्रॉस्युलर गार्नेटचा मधाळ प्रकार. नावातच रंग आहे: गो आणि मेद, गाईच्या चरबीसारखा. नारिंगी-तपकिरी स्पेसर्टीन डोळ्याला तसाच दिसू शकतो. पण अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, मोजला की संशय राहत नाही. हेसोनाइटचा १.७४ च्या आसपास येतो, स्पेसर्टीनचा १.८० च्या आसपास. घनताही हेसोनाइटची ३.६५ च्या जवळ, म्हणजे एकाच आकाराचे दोन खडे घेतले तर स्पेसर्टीन जड. शिवाय हेसोनाइटमध्ये भिंगातून बघितलं तर आतला भाग साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर दिसतो तसा हलतोय असं वाटतं. हेसोनाइटची ही खूण एकदा नजरेत बसली की विसरत नाही.

दोन्ही गार्नेट असल्यामुळे प्रकाश दोघांतूनही एकेरीच जातो. पोलॅरिस्कोपमध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन काचांच्या मधे, खडा फिरवला तर तो एकसारखा काळाच राहायला हवा. प्रत्यक्षात रचनेतल्या ताणामुळे थोडी चमक दिसते, नवख्या माणसाने त्यावरून फसू नये.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: मनसरचा स्पेसर्टीन अंगठीत बसवता येईल का? मोहरीएवढे, भेगाळलेले, अपारदर्शक दाणे पैलू पाडायला चालत नाहीत. जगात ज्याला ‘मँडरिन गार्नेट’ म्हणून भाव आला तो भडक नारिंगी, स्वच्छ स्पेसर्टीन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नामिबियाच्या कुनेने भागात मिळाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत नायजेरियातून आला. त्यात लोखंड अगदी कमी, म्हणून रंग असा संत्र्यासारखा. लोखंड वाढलं की तो लालसर, मग तपकिरी होत जातो.

मनसरवाला

नीलांबरीताई, संत्र्याचा रंग म्हणालात आणि आम्ही नागपूरकर! पण तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं झालं. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांना कुणीतरी ‘विदर्भाचं रत्न’ म्हणून असले दाणे विकले होते. त्यांचे पैसे गेले ते गेलेच. हा दगड अभ्यासाचा आहे, त्याला बाजारात नेऊ नका.

शेवंता

मी चिखल्याची. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. माझी आई खाणीवर मालाची छाटणी करायची. आता ती थकली आहे. काल रात्री तिला हा धागा वाचून दाखवला तर म्हणाली, “अवं, तो दगड तं आमी बाजूलेच फेकून देत होतो.”

तिला विचारलं, कसा ओळखायचीस गं? ती म्हणाली, चांगला माल हातात घेतला की वजन कळतं, फुटला तरी आतून काळाच आणि चकाकता. हा दुसरा दगड जड असतो खरा, पण त्याला टोकलं की ठिणगी उडते, आणि फुटल्यावर गुळाच्या बारीक खड्यासारखं दिसतं. दोन दगड एकमेकांवर आपटून आवाजावरून पण सांगायची म्हणे. भिंग नाही, ताजवा नाही, दिवसभर उन्हात बसून हातानं.

मला विचारायचं होतं, की ह्या दगडात मँगनीज आहे तर तो फेकायचे का?

मनसरवाला

शेवंताताई, आईंना माझा नमस्कार सांगा. मी भिंग घेऊन जे लिहिलं ते त्या हाताने ओळखत होत्या. ठिणगी उडायची ती गारगोटीमुळे, आणि गुळाच्या खड्याची उपमा माझ्या मोहरीपेक्षा चांगली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देतो. शुद्ध स्पेसर्टीनमध्ये वजनाने ३३ टक्के मँगनीज असतं. ब्राउनाइटमध्ये ६३ टक्क्यांच्या वर. पण नुसत्या टक्क्यांवर भागत नाही. ब्राउनाइट, पायरोल्युसाइट ही मुख्यतः ऑक्साइडं, भट्टीत कोळशाबरोबर तापवली की मँगनीज मोकळं होतं. स्पेसर्टीनमधलं मँगनीज सिलिकेटच्या चौकटीत घट्ट अडकलेलं असतं, ते सोडवायला जास्त उष्णता लागते, आणि सिलिका व ॲल्युमिना भरपूर असल्यामुळे मळीच (स्लॅग) फार निघते. त्यात गोंडाइटमध्ये निम्मी गारगोटी. म्हणून तो बाजूला.

कोयापोर

मनसरवाला काका, मी देवलापारकडचा, गोंड आहे. आम्ही स्वतःला कोयतूर म्हणतो. आमच्या जमातीच्या नावाचा खडक आहे हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कळलं. वर्गात सर फळ्यावर ‘गोंडाइट’ लिहून पुढे गेले आणि मी तिथेच थांबलो. गोंडवन या नावाचा अख्खा खंड आहे, हे आधी माहीत होतं. एडुआर्ट झ्यूस नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये त्या नावाने जुनी भूमी सांगितली होती. पण खंड डोळ्यांना दिसत नाही. हा दगड माझ्या आजोबांच्या शेताच्या बांधावर होता.

आपल्याकडे असं दुसरंही एक नाव आहे. पूर्व घाटातल्या गार्नेट-सिलिमनाइटच्या खडकाला भूशास्त्रज्ञ वॉकरने १९०२ मध्ये ओडिशातल्या खोंड लोकांवरून ‘खोंडालाइट’ म्हटलं. कोणार्कचं सूर्यमंदिर बहुतांशी त्याच दगडाचं आहे. खडकाला नाव देणाऱ्यांनी त्या लोकांना विचारलं असेल असं मला वाटत नाही. तरी नाव आहे, तर ते आमच्या पोरांपर्यंत पोचावं. मी गावातल्या आश्रमशाळेत एक नमुना ठेवला आहे, खाली गोंडी आणि मराठी दोन्हींत लिहून.

मनसरवाला

वाचून भरून आलं. त्या पाटीचा फोटो टाकता आला तर जरूर टाक.

सई_फ्रांकफुर्ट

मी फ्रांकफुर्टजवळ राहते. स्पेसर्टीन हे नाव इथल्या श्पेसार्टवरून आलं आहे. बव्हेरियाच्या वायव्य टोकाला, माइन नदीच्या वळणात, ओक आणि बीचच्या जंगलाचा डोंगराळ भाग आहे. ए३ महामार्ग त्याच्यातूनच जातो, दर महिन्याला मी तिथून जाते आणि आजवर मला पत्ता नव्हता! बोदाँ या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये हे नाव रूढ केलं. जर्मन उच्चाराप्रमाणे श्पेसार्टीन व्हायला हवं, पण मराठीत तुमचा ‘स्पेसर्टीन’ रुळला तरी काही बिघडत नाही.

यंत्रविद्या

भोसरीत आमचं वॉटरजेट कटिंगचं काम आहे. रोज गार्नेटच्या गोण्या फोडतो, ८० मेशची लालसर वाळू. पाण्याच्या धारेत ती मिसळली की जाड स्टीलसुद्धा कापलं जातं. ती हीच का?

भूस्तर

नाही. तुमच्या गोणीतला बहुधा अल्मंडाइन, लोखंडाचा गार्नेट. भारतात त्याचा मोठा साठा तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे. घाटातल्या गार्नेटवाल्या खडकांची झीज होते, नद्या ती वाळू समुद्राला देतात आणि लाटा हलकी वाळू मागे ओढून जड दाणे किनाऱ्यावर ठेवून जातात. कन्याकुमारीला गेलेल्या निम्म्या मराठी घरांत रंगीत वाळूच्या छोट्या पुड्या असतील. त्यातली लाल म्हणजे गार्नेट, काळी म्हणजे इल्मेनाइट.

तुमच्या धंद्यात गार्नेट येण्याचं कारण त्याच्या गुणांतच आहे: कठीण, जड, ठरलेल्या पातळीवर न फुटणारा, फुटला तरी नवी धारदार कड देणारा. साफसफाईच्या ब्लास्टिंगमध्ये साध्या वाळूऐवजी तो वापरण्याचं आणखी एक मोठं कारण म्हणजे त्यात मोकळी सिलिका अत्यल्प असते. साध्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. तरी मास्क लावाच.

आता मनसरवाल्यांच्या लेखात एक भर. गोंडाइटचं नाव देणाऱ्या फर्मरनेच पुढे १९१३ मध्ये ‘गार्नेट हा भूगर्भाचा दाबमापक आहे’ असा विचार मांडला. गार्नेटमध्ये अणू दाटीवाटीने बसलेले असतात, म्हणून दाब वाढला की खनिजं कमी जागेत मावणाऱ्या गार्नेटकडे झुकतात. कवचाच्या खाली गार्नेटने भरलेला जड खडकांचा पट्टा असला पाहिजे, असं त्याने त्यावरून सुचवलं. काळाच्या मानाने फार पुढचा विचार.

गंमत अशी, की त्याचा स्वतःचा स्पेसर्टीन याला काहीसा अपवाद आहे. मँगनीजचा गार्नेट कमी दाबातही तग धरतो. म्हणून साध्या शिस्टमध्ये (दाबाखाली बदललेल्या पापुद्र्यांच्या खडकात) गार्नेट उगवायला लागतो तेव्हा तो आसपासचं मँगनीज आधी ओढून घेतो. मोठ्या दाण्याचा काप घेऊन तपासला तर मधोमध मँगनीज जास्त आणि कडेकडे कमी होत गेलेलं दिसतं, लोखंड आणि मॅग्नेशियम बहुधा त्याच्या उलट. झाडाच्या वर्तुळांसारखी ती वाढीची नोंद असते. खडक किती तापला, किती दबला याचा हिशेब आजही अशा नोंदींवरून मांडतात.

तेरावीची_विद्यार्थिनी

काका, मी नागपूरला शिकते. तुमचा धागा वाचून रविवारी आजोळी गेले होते तेव्हा रस्त्याकडेचा असाच एक दगड आणला. (खाणीच्या आवारात गेले नाही, आजीने शपथ घातली होती.) घरच्या डिजिटल काट्यावर मोजला: २१२ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून शून्य केलं आणि दगड दोऱ्याने पाण्यात लोंबता धरला, तळाला टेकू न देता. काटा ६१ ग्रॅम दाखवत होता, म्हणजे दगडाने सारलेल्या पाण्याचं वजन. २१२ भागिले ६१ म्हणजे ३.४८. गारगोटी २.६५ आणि स्पेसर्टीन ४.१९ धरलं तर आकारमानाने ५४ टक्के स्पेसर्टीन येतो. बरोबर आहे का?

भूस्तर

रीत अगदी बरोबर, शाब्बास. फक्त एक विचारतो: दगड बाहेरून काळा आहे का? काळी साल म्हणजे मँगनीज ऑक्साइड, त्याची घनता ५ च्या जवळ जाऊ शकते. ती धरून मोजलंस तर उत्तर फुगणार. आतला ताजा तुकडा घेऊन बघ. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

तेरावीची_विद्यार्थिनी

साल काळीच होती. बाबांनी फोडून दिला. आतून शेवंतामावशींच्या आईने सांगितलं तसंच, गुळाच्या बारीक खड्यांसारखं. आतला तुकडा ८४ ग्रॅम, पाण्यात २५ ग्रॅम. घनता ३.३६, स्पेसर्टीन ४६ टक्के. वजनाने काढलं तर ५७ टक्के. त्यात ३३ टक्के मँगनीज धरलं तर माझ्या ८४ ग्रॅमच्या तुकड्यात साधारण १६ ग्रॅम मँगनीज आहे. दुसरा अर्धा तुकडा देवलापारच्या शाळेला हवा असेल तर पाठवते, कोयापोर दादा.

कोयापोर

पाठव ना. पाटीवर तुझे आकडेही लिहितो.